सरासरीच्या आडोशाला

घरखर्च, रोजगार, दारिद्र्य यांचे आकडे गोळा करण्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीने देशाचे जे सांख्यिकी विभाग पाडले, त्यांपैकी सहा महाराष्ट्राच्या वाट्याला आले. मराठवाडा हा त्यांतला एक. विदर्भाचे मात्र दोन भाग केले गेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख वेगळा काढला. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंतचा उरलेला, मुख्यतः कापसाचा प्रदेश वेगळा ठेवला. ही विभागणी शहाणपणाचीच म्हटली पाहिजे.

किनाऱ्यावर मात्र हे शहाणपण आटले. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचा मिळून एकच 'किनारी' विभाग! मलबार हिल आणि मोखाडा यांची बेरीज करून निघणारी सरासरी कोणाच्या घरची असते? ती ना मुंबईकराची, ना वारली कुटुंबाची. पण कागदावर तो विभाग सधन ठरतो आणि त्यातील उपासमार दिसेनाशी होते. रेषा आखणाऱ्याच्या मनात कपट असावेच लागते असे नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत १९९२ साली कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तो तालुका ज्या ठाणे जिल्ह्यात होता त्याची गणना राज्यातील पुढारलेल्या औद्योगिक जिल्ह्यांत होत होती.

अनुशेष मोजताना दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हे एकक धरले होते. नमुना पाहणीनेही २०२५ पासून आपल्या बहुतेक पाहण्यांत जिल्हा हाच पाया मानला आहे. हे पाऊल स्वागतार्ह खरे, परंतु ते पुरेसे नाही. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारची दाट नागरी वस्ती जव्हार-मोखाड्याच्या शेजारी येऊन बसली आहे. म्हणजे जुनाच खेळ लहान पटावर!

तालुकावार पाहणी का होत नाही, यालाही कारण आहे. एकक लहान केले की त्यात मोजकीच कुटुंबे नमुन्यात येतात आणि आकड्यांतील चूक वाढते. ती आवरायची तर अधिक घरे, अधिक प्रगणक, अधिक पैसा लागतो. जनगणना गावागावांपर्यंत पोहोचते, पण ती घरखर्च विचारीत नाही. तेव्हा निदान जेथे एकाच जिल्ह्यात महानगराची उपनगरे आणि आदिवासी डोंगर एकत्र नांदतात, तेथे नमुना वाढवून डोंगरी तालुक्यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा, आणि तो हाती येईपर्यंत जिल्ह्याच्या सरासरीवर बोट ठेवून या तालुक्यांचा निधी कोणत्याही खात्याने कापू नये.