दर 13 सेकंदांना एक जलदूत

मी उमरीचा. पोटासाठी हिंजवडीत कोड लिहितो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात रोज टँकर येतात आणि मेन्टेनन्सच्या बिलात त्यांचा वेगळा रकाना असतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. याच तालुक्यात मुळा नदीवर मुळशीचं मोठं धरण आहे. त्याचं पाणी नदीच्या वाटेनं पूर्वेला जात नाही. ते बोगद्यातून आणि नळातून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरतं, भिऱ्याला वीज तयार करतं आणि कुंडलिकेतून समुद्राला मिळतं.

एका रविवारी टँकर रिकामा होत असताना मी मोबाइलवर हिशोब केला. 10,000 लिटर पाणी सुमारे 500 मीटर खाली सोडलं आणि यंत्रातली तूट वजा केली, तर वीज किती मिळते? गणित बारावीच्या फिजिक्सचं आहे. उत्तर आलं सुमारे 12 युनिट. एका बेडरूमचा एसी रात्रभर चालवायला एवढी वीज लागते. छतावरचे 3 किलोवॉटचे सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसभरात तेवढीच देतात.

म्हणजे एक टँकर पाणी बरोबर एक रात्र एसी. हा सौदा आपण शंभर वर्षं करत आलो आहोत. तो बदलायची वेळ केव्हाच येऊन गेली, असं माझं म्हणणं आहे.

खाजगीकरण 1991 नंतर आलं अशी आपली समजूत असते. सह्याद्रीत ते त्याच्या कितीतरी आधी आलं. टाटांचं खोपोलीचं वीजघर 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं आणि भिऱ्याचं 1927 चं. वीज हवी होती मुंबईच्या गिरण्यांना आणि जमीन गेली मावळ्यांची. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, आणि धरण झालंच. पुढे त्या गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल उभे राहिले. गिरण्यांसाठी वळवलेलं पाणी मात्र आजही वळवलेलंच आहे.

हे पाणी किती? कृष्णा पाणीतंटा लवादानं, म्हणजे बच्छावत लवादानं, टाटांच्या धरणांतून खोऱ्याबाहेर जाणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली. ती सलग पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 42.4 टीएमसी. कोयनेचे 67.5 टीएमसी वेगळे, पण कोयना निदान सरकारची आहे.

42.4 टीएमसी हा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून लातूरचं माप लावतो. एप्रिल 2016 मध्ये मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या महिन्यात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी. कृष्णा खोऱ्याचं पाणी रुळांवरून मांजरा खोऱ्यात आलं. तिचं नाव ‘जलदूत’. हॉस्टेलच्या टीव्हीपुढे लातूरची पोरं गप्प बसून ते बघत होती. आता भागाकार करा. लवादाच्या मर्यादेइतकं पाणी वर्षभर सारख्या वेगानं वाहतं असं धरलं, तर दर 13 सेकंदांना एक जलदूत सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरते. रात्रंदिवस, बारा महिने.

त्याच उन्हाळ्यात भीमेवरचं उजनी उणे साठ्यात होतं. मुळशीचं पाणी वळवलं नसतं, तर मुळा-मुठेतून भीमेत येऊन ते उजनीतच पोचलं असतं.

आता माझ्या गावाकडे चला. उमरीच्या शेजारी, धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. साठवण 2.74 टीएमसी. त्यासाठी आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल आला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. 1 मार्चला 0.6 टीएमसी पोचमपाडसाठी सोडायचं. देखरेखीला समिती. 1 जुलैला दरवाजे उचलले की काठावरचे शेतकरी उरलेलं पाणी डोळ्यांदेखत जाताना बघतात. आमच्याकडे यावर चीड आहे, पण मला त्या निकालातलं एक तत्त्व पटतं. नदीवर एकट्याचा हक्क नसतो, आणि वाटणी तारीखवार ठरवता येते.

मग 2.74 टीएमसीला कॅलेंडर असतं, तर 42 ला का नाही? लवादानं वरची मर्यादा घातली. दुष्काळात ती किती खाली आणायची, याचा तारखेनुसार चालणारा नियम मात्र नाही. जायकवाडीसाठी तसा नियम आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचं कलम आहे. त्याच्या आधारे 2014 मध्ये प्राधिकरणानं आदेश दिला, आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ येते. नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला जो कायदा लागू होतो, तो वीज कंपनीच्या दारापाशी येऊन थांबतो का?

थांबतो, कारण किंमत दोन टेबलांवर ठरते. वीज नियामक आयोग युनिट बघतो. खर्च, देखभाल, घसारा आणि भांडवलावरचा परतावा धरून दर काढतो. शंभर वर्षांच्या धरणाचा खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, म्हणून ही वीज स्वस्त दिसते. तेच पाणी खाली उजनीच्या काठावर काय मोलाचं होतं, हा रकाना त्या हिशोबात नाही. पाण्याचा दर ठरवणारं प्राधिकरण वेगळं आहे. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात: दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या जागी बरोबर चालतात आणि मिळून उत्तर चुकतं.

आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा की जलविद्युत मिनिटांत सुरू होते आणि संध्याकाळी वाढणारी मागणी तीच पेलते. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली तेव्हा तत्काळ उभ्या राहणाऱ्या विजेचं मोल सगळ्यांना कळलं. मान्य. पण त्यासाठी पाणी गमवावं लागत नाही. खालचं पाणी स्वस्त विजेच्या वेळी वर चढवायचं आणि गरजेला पुन्हा सोडायचं, असा 150 मेगावॉटचा संच भिऱ्यातच आहे. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याचा 12 मेगावॉटचा संचही त्याच जातीचा. 2023 मध्ये टाटांनी शिरवटा आणि भिवपुरी इथे मिळून 2,800 मेगावॉटच्या अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. तेच पाणी खाली-वर फिरणार असेल, तर पश्चिमेला सोडायचं पाणी कमी करण्याची अट त्या परवानगीतच घालता येते.

दुसरा आक्षेप कोकणाचा. वीजघरांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आज कुंडलिका आणि पाताळगंगेच्या काठची गावं आणि कारखाने जगतात. म्हणून मी वळवणं शून्यावर आणा म्हणत नाही. त्यांचा वाटा मोजा, तेवढा ठेवा.

तिसरा सगळ्यात टोचणारा. वाचवलेलं पाणी उजनीत गेलं की ऊस पिऊन टाकणार. खरं आहे. म्हणून ते आधी पिण्यासाठी आणि मराठवाड्याच्या वाट्यासाठी राखून ठेवायला हवं. कृष्णा-मराठवाडा योजनेत धाराशिव आणि बीडचा हक्क कागदावर आहेच. उमरीला यातलं थेंबभरही मिळणार नाही, आमचं खोरं गोदावरीचं. तरी मी हे लिहितो, कारण खाजगी कंपनीचं पाणी वाटणीबाहेर ठेवायचं असं एकदा मान्य केलं, की उद्या ते कुठल्याही खोऱ्यात मान्य होईल.

मागण्या तीन. विजेच्या दराच्या आदेशात प्रत्येक युनिटमागे किती लिटर पाणी खोऱ्याबाहेर गेलं ते छापा आणि त्याची किंमत धरा. 15 ऑक्टोबरला उजनीचा साठा ठरावीक पातळीखाली असेल, तर पश्चिमेचं पाणी आपोआप कमी होईल असा नियम करा. कंपनीच्या बुडालेल्या विजेचा खर्च राज्यानं द्यावा, तो पाण्याच्या रेल्वेपेक्षा महाग पडणार नाही. आणि नव्या प्रकल्पांना परवानगी देताना जुनं वळवणं घटवण्याचं वेळापत्रक लिहून घ्या.

आमच्या शेतात कृषिपंपाची लाईट पाळीनं येते. रात्रीची पाळी असली की बाबा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. मागच्या उन्हाळ्यात लाईट होती, मोटारही चालू झाली, बोअरला पाणी नव्हतं. वीज दुसरीकडून आणता येते. पाण्याचं तसं नसतं, हे बाबांना फिजिक्स न शिकता कळतं.