चिप स्वस्त, ड्रायव्हर महाग

तलावात पाणी किती आहे, बांधीवरचा पंप सुरू आहे की बंद, हे घरी बसून कळावं. एकोडीसारख्या धानाच्या गावात ही काही चैन नव्हे. वाय-फायचे 2.4 गिगाहर्ट्झ शिवार ओलांडत नाहीत. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात. आपल्याकडे 2005 च्या नियमांनी 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना लायसन्सविना खुला केला. 2021 मध्ये तो 868 पर्यंत वाढला. सेमटेकची एसएक्स1276 ही लोरा चिप याच पट्ट्यात चालते.

मग अडतं कुठे? ड्रायव्हरपाशी!

लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये या चिपचा ड्रायव्हर नाही. 2018 साली आंद्रेआस फेर्बर यांनी लोरासाठी पॅच मांडले, पण ते कर्नलमध्ये गेले नाहीत. आरएफएम69 या रेडिओचा पीआय433 ड्रायव्हर 2017 मध्ये 'स्टेजिंग' या कच्च्या कामाच्या कप्प्यात आला आणि 2024 मध्ये काढून टाकला गेला. याउलट एटी86आरएफ212 चा ड्रायव्हर कर्नलमध्ये टिकून आहे.

तसं म्हटलं तर काम थांबत नाही. चिप एसपीआयच्या तारांनी जोडायची आणि 'स्पायडेव्ह'मधून आपल्याच प्रोग्रामने तिच्याशी बोलायचं. किंवा चिप मायक्रोकंट्रोलरला जोडायची आणि तो यूएसबीने संगणकाला. मग संगणकाला साधा सिरियल पोर्ट दिसतो. माझ्या मते घरगुती कामाला हाच मार्ग बरा. पण यात प्रत्येकजण आपापली विहीर खणतो. एकाला सापडलेली चूक दुसरा पुन्हा शोधत बसतो.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हे नवीन नाही. इथल्या मामा तलावांची मालगुजारी 1950-51 च्या सुमारास गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न मात्र मागे राहिला. तलाव बांधणाऱ्याइतकाच पाळ सांभाळणाराही लागतो. ड्रायव्हरचंही तेच.

म्हणून चिप घेताना किंमत आणि पल्ला यांच्याआधी एक गोष्ट बघा: तिचा कोड आज कोणी सांभाळतंय का? शेवटची दुरुस्ती कधीची आहे? आणि तुमच्याकडे ती चालली, तर केलेली दुरुस्ती परत पाठवा. फुकट घेतलेल्या पाण्याची एवढी तरी पाणीपट्टी भरायलाच हवी. नाही का?