कंत्राटी म्हणजे सरकारी नव्हे!

आपल्या वस्त्यांमध्ये नोकरीचे दोनच प्रकार मानतात: सरकारी आणि बाकीच्या. ही वाटणी उगाच पडलेली नाही. संविधानाच्या कलम 16(4) मुळे कुणाचा बाप शिपाई झाला, कुणाची आई परिचारिका झाली आणि घर गावकीच्या कामातून बाहेर पडले. म्हणून ‘सरकारी’ या शब्दाला आपल्याकडे मान आहे. आज मात्र या मानाचा फायदा कंत्राटदार उचलत आहेत.

हिंगणघाट तालुक्यातला एक तरुण घ्या. एमएसडब्ल्यू होऊन दोन वर्षे घरी बसलेला. एकाच आठवड्यात त्याला दोन ठिकाणांहून होकार आला. एक नोकरी वर्ध्याच्या शासकीय कार्यालयात, पण एजन्सीमार्फत, 11 महिन्यांची, महिना 18,000 रुपये. दुसरी बुटीबोरीच्या कारखान्यात, प्रोबेशननंतर कायम, पगार 14,000 आणि पीएफ. घरचे म्हणाले, ‘सरकारी सोडू नको, पोरी सांगून येतील.’ तो मला विचारायला आला.

आधी हिशेब मांडू. 18,000 गुणिले 11 म्हणजे 1,98,000. बाराव्या महिन्यात ब्रेक. 14,000 गुणिले 12 म्हणजे 1,68,000, त्यात मालकाच्या पीएफचा 12 टक्के हिस्सा 20,160. एकूण 1,88,160. म्हणजे वर्षाकाठी फरक दहा हजारांच्याही आत. एजन्सीच्या पत्रात पीएफचा उल्लेखच नव्हता.

आता पत्रावरची सही पाहा. ती एजन्सीची आहे. खुर्ची सरकारची, साहेब सरकारचा, पण तू सरकारचा नाहीस. आज ना उद्या कायम करतील, ही आशा फार महाग पडते. उमादेवी प्रकरणात 10 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले आहे की, केवळ अनेक वर्षे कंत्राटी काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

हा एका पोराचा प्रश्न नाही. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने अतिकुशलपासून अकुशलपर्यंतची पदे नऊ एजन्सींमार्फत भरण्याची वाट मोकळी केली होती. राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले आणि 20 ऑक्टोबरला तो रद्द केल्याची घोषणा झाली. निर्णय गेला, पद्धत राहिली. कायम पद असले की बिंदुनामावली येते. एजन्सी आली की बिंदुनामावली गेली. संविधानातला एक शब्दही न बदलता आरक्षण संपवायचा हा सोपा मार्ग आहे.

कुणी म्हणेल, पोट रिकामे असताना हे तत्त्वज्ञान कशाला? मिळेल ते घ्यावे. बरोबर आहे, घरात चूल पेटत नसेल तर जे आधी मिळेल ते घ्या. पण काय घेतो आहोत ते ओळखून घ्या. बाबासाहेबांसमोरही पोटाचा प्रश्न होता. 1917 मध्ये बडोदा संस्थानात त्यांना मोठे पद मिळाले, पण राहायला घर मिळाले नाही आणि कचेरीतले शिपाईही विटाळ पाळत. ती नोकरी सुटली. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या मदतीने 1920 मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. पदाचा मान नव्हे, तर ही नोकरी आपल्याला पुढे कुठे नेते, हा प्रश्न महत्त्वाचा.

खाजगी कारखाना म्हणजे मुक्ती, असेही मी म्हणत नाही. तिथे आरक्षण नाही, भरती ओळखीने होते आणि आडनाव ऐकून चेहरे बदलतात. पण पीएफ क्रमांक, ईएसआय कार्ड आणि हजेरी हे पुरावे आहेत. पुरावा असला की भांडता येते. कारखान्यातला 48 तासांचा आठवडा बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, 1946 मध्ये कायद्यात आला. त्यावरचा प्रत्येक तास ओव्हरटाइम आहे, तो मागून घ्यायचा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: बुटीबोरी घे. रोज दोन तास अभ्यास कर आणि कायम पदांचे अर्ज भरत राहा. मागासवर्गीयांसाठी वयोमर्यादा 43 आहे, दार बंद झालेले नाही.

आणि जे आज सरकारी खुर्चीवर आहेत, त्यांनाही एक काम आहे. आपल्या कार्यालयात किती पदे रिक्त आहेत, किती कंत्राटी भरली आहेत, बिंदुनामावली कधी तपासली, हे विचारा. स्वतः विचारता येत नसेल तर संघटनेला माहिती अधिकारात अर्ज करायला लावा. तुम्ही ज्या दारातून आत आलात ते दार तुमच्या मागे बंद होत आहे. लेकरांना ‘सरकारी नोकरी लाग’ असा आशीर्वाद देण्याआधी ती नोकरी शिल्लक राहील याची तजवीज करा.

जयभीम!