उसाच्या फडात हरवलेले दुसरे सत्र

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बीड जिल्ह्यातील तालुक्यांत गावेच्या गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी कोयते सांगली, सातारा, कोल्हापूर व कर्नाटकाकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. या हिशेबात मुलांना स्थान नाही. तरीही मुले बरोबर जातात. धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली बहीण जाते आणि हजेरीपटावर तिचे नाव तेवढे मागे उरते. परत येणे होते ते मार्च-एप्रिलमध्ये, दुसरे सत्र संपत आल्यावर.

अशा जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांच्या गुणवत्तेची चिंता मात्र नित्य वाहिली जाते. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला, २०२१ साली 'निपुण भारत' आला. मुलांना वाचता यावे, गणित यावे, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. परंतु मूल जूनपासून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत वर्गात बसलेले असते, हे या कार्यक्रमांनी गृहीत धरले आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलाने पाठ्यपुस्तकाचा उत्तरार्ध पाहिलेलाच नसतो, आणि पुढच्या इयत्तेचा अभ्यास त्याच उत्तरार्धावर उभा असतो. २०२३ साली पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू करण्याचा निर्णय झाला. व्यवस्थेने निर्माण केलेली तूट आता मुलाच्या नावावर नापासाचा शेरा म्हणून पडणार.

पालकांनाच शिक्षणाची आस्था नाही, असे सांगितले जाते. हा आरोप सोयीचा आहे. ज्या घरात मागे केवळ थकलेले म्हातारे उरतात, तेथे आठ वर्षांच्या मुलीला सहा महिने कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न आस्थेने सुटत नाही, वसतिगृहाने सुटतो.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले. त्याच कोल्हापूरच्या फडात शतकानंतर बीडचे मूल वाढे गोळा करीत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना शाळेत दाखल करून घेण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकले आहे. तेव्हा हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे.

त्या हक्कातून तीन मागण्या निघतात. हंगामी वसतिगृहे पहिला कोयता गाव सोडण्यापूर्वी सुरू झाली पाहिजेत. मूल गेल्यावर उघडलेले वसतिगृह कागदावरच भरते. जी मुले गेलीच, त्यांच्यासाठी दुसऱ्या सत्रातील मूलभूत घटकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम तयार करून तो परतल्यानंतर नियुक्त शिक्षकांकडून शिकविला पाहिजे. आणि कारखान्याच्या गाळप परवान्याला तळावरील मुलांच्या शाळेची अट जोडली पाहिजे. ज्यांच्या श्रमावर साखर निघते त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च हा उत्पादनखर्चाचाच भाग होय.

कार्यकर्त्यांनी दसऱ्यापूर्वी गावोगाव जाणाऱ्या मुलांच्या याद्या कराव्यात, त्या ग्रामसभेत वाचाव्यात आणि वसतिगृहाचा ठराव मंजूर करून घ्यावा. मजुरीच्या कराराच्या वाटाघाटीत दराबरोबर शाळेचेही कलम आले पाहिजे. दरवाढीने या हंगामाची चूल पेटेल; परंतु शाळेवाचून राहिलेल्या मुलाच्या हाती उद्या पुन्हा तोच कोयता येईल.