रत्नागिरीहून निघालेली माणसं

दिवाळीच्या खरेदीला मानिक चौकात गेलं की गर्दीतून अजूनही मराठी कानावर पडतं. झाशीत आपली घरं आली ती मराठ्यांच्या सुभेदारीबरोबर. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचा आणि राणी लक्ष्मीबाईंचा अभिमान आपण बाळगतो, बाळगायलाच हवा. पण त्याच रत्नागिरीतून एकोणिसाव्या शतकात दुसरीही माणसं निघाली. मुंबई बंदरातून ती मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांना ना सुभेदारी मिळाली, ना आपल्या इतिहासात जागा. यंदाचा अंक त्यांना अर्पण.

1835 साली त्या बेटावर गुलामी बंद झाली आणि मळेवाल्यांनी गिरमिटियांना, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांना, कामाला जुंपलं. एक खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापत. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायला लावला. परवान्याविना सापडला की भटक्या ठरवून अटक! तरी 1871 मध्ये 9,401 मजूर गव्हर्नरकडे दाद मागायला पुढे आले. आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्याचा कारभार पाहणाऱ्या गोऱ्या माणसाने त्यांचा अर्ज लिहिला. पुढे इंग्लंडहून चौकशी आयोग आला.

मताचा हक्क मात्र फार उशिरा आला. नव्या घटनेने साध्या लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिलं, भारतीय भाषाही चालणार होत्या. मग बासदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीतले स्वयंसेवक गावोगाव फिरले आणि दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांना रात्री अक्षरं गिरवायला बसवलं. 1948 च्या निवडणुकीत मतदारसंख्या सुमारे 12,000 वरून 70,000 च्या पुढे गेली. समतेच्या साऱ्या लढ्यात आम्हाला हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

पण आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, म्हणजे क्रिओल, मागेच राहिले. 2011 साली तिथल्या सत्य आणि न्याय आयोगाने त्यांच्यावरचा अन्याय सविस्तर नोंदवला. आपल्या आजोबांनी जे भोगलं ते आठवून मॉरिशसच्या मराठी माणसाने क्रिओलांच्या बाजूने उभं राहावं, असं आमचं ठाम मत आहे.

वाचकहो, तुमच्या घराण्यातलं कुणी त्या बेटावर गेलं असेल आणि वंशावळीतून त्याचं नाव गळलं असेल, तर आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या दिवाळीला ती नावं आम्ही छापू.