पुराचे पाणी आणि विहिरीचा झरा

शाळा दुपारी तीनच्या सुमारास सुटते आणि कामावर गेलेले आईबाप सायंकाळी सहानंतर घरी परततात. मधल्या तीन तासांत त्या मुलाचा वाली कोण, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. परंतु जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्र म्हणून मिरविणाऱ्या अमेरिकेला गेली ऐंशी वर्षे त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. पैशाचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. युद्ध, मंदी किंवा महामारी आली की तेथील सरकार तिजोरीची दारे सताड उघडते. त्या ओघात मुलांच्या व तरुणांच्या उपक्रमांच्या वाट्यालाही अब्जावधी डॉलर्स येतात. आणि संकट ओसरताच तीच दारे बंद होतात. कोविड महामारीच्या निमित्ताने शाळांना दिलेल्या निधीच्या अखेरच्या व सर्वांत मोठ्या हप्त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. पूर ओसरल्यावर गाळ किती आणि पीक किती, याचा हिशेब मांडावाच लागतो. तो मांडण्याची वेळ आता आली आहे, आणि तो केवळ अमेरिकेनेच मांडावा असे आम्हांस वाटत नाही.

या कथेचा आरंभ १९३५ साली होतो. महामंदीने होरपळलेल्या तरुणांसाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी राष्ट्रीय युवक प्रशासन स्थापन केले. शिकणाऱ्यांना शिक्षण न सोडता थोडीफार कमाई करता यावी आणि शिक्षण सुटलेल्यांना काम मिळावे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. टेक्सास राज्यातील त्याची सूत्रे लिंडन जॉन्सन नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाकडे देण्यात आली. १९४३ साली हे प्रशासन गुंडाळले गेले. युद्धाने बेकारी संपविली, मग या खटाटोपाची गरज काय, असा हिशेब त्या वेळी करण्यात आला.

त्याच युद्धाने दुसरी गरज निर्माण केली. पुरुष आघाडीवर गेले, स्त्रिया कारखान्यांत गेल्या आणि मुले घरी एकटी राहिली. तेव्हा १९४० च्या लॅनहॅम कायद्याचा आधार घेऊन १९४३ पासून केंद्र सरकारच्या पैशाने बालसंगोपन केंद्रे सुरू झाली. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेपूर्वीची व शाळेनंतरची व्यवस्थाही त्यांत होती. युद्धकाळात साडेपाच ते सहा लाख मुलांना या केंद्रांचा लाभ झाला, असा अंदाज आहे. १९४६ च्या फेब्रुवारीअखेर हा पैसा थांबला आणि बहुतेक केंद्रांना टाळे लागले. युद्ध संपले म्हणजे आयांचे काम करणेही संपले, असे राज्यकर्त्यांनी गृहीत धरले. आयांनी मात्र ते गृहीत धरले नव्हते. केंद्रे चालू ठेवावीत म्हणून त्यांनी ठिकठिकाणी आवाज उठविला. कॅलिफोर्निया राज्याने तो ऐकला, स्वतःच्या तिजोरीतून केंद्रे चालू ठेवली आणि १९५७ मध्ये त्यांना कायमचे स्वरूप दिले. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे; त्याच्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

पुढचा मोठा पूर २००९ साली आला. आर्थिक अरिष्टातून सावरण्यासाठी अध्यक्ष ओबामा यांनी १७ फेब्रुवारी २००९ रोजी ज्या कायद्यावर सही केली, त्याचा आकार त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे ७८७ अब्ज डॉलर्सचा होता. त्यातील १.२ अब्ज डॉलर्स तरुणांच्या रोजगार व प्रशिक्षणासाठी होते आणि लाभार्थींची वयोमर्यादा २१ वरून २४ वर्षांपर्यंत वाढविण्यात आली होती. त्या एका उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तरुणांना तात्पुरते काम मिळाले. बालसंगोपनासाठी आणखी २ अब्ज डॉलर्स ठेवले होते. परंतु पुढच्या उन्हाळ्यासाठी तशीच स्वतंत्र तरतूद करण्याचे प्रयत्न अमेरिकन काँग्रेसमध्ये फसले. मंदी संपली नव्हती; उत्साह मात्र संपला होता.

महामारीच्या काळातील ओघापुढे हे सारे ओढ्यासारखे वाटावे. मार्च २०२०, डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ अशा तीन कायद्यांनी प्राथमिक व माध्यमिक शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर्स देण्यात आले. त्यांपैकी १२२ अब्ज एकट्या तिसऱ्या कायद्याचे होते. या तिसऱ्या कायद्यात एक स्वागतार्ह गोष्ट होती. स्थानिक शाळा-मंडळांनी आपल्या वाट्यातील किमान २० टक्के रक्कम बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी खर्च करावी, आणि त्यासाठी उन्हाळी वर्ग व शाळोत्तर उपक्रम यांचा उपयोग करता येईल, असे त्यात म्हटले होते. राज्यांनीही आपल्या निधीतून किमान एक टक्का उन्हाळी उपक्रमांसाठी आणि एक टक्का शाळोत्तर उपक्रमांसाठी राखून ठेवावा, असे बंधन होते. टक्का एकच असला तरी १२२ अब्जांचा एक टक्का म्हणजे १.२२ अब्ज डॉलर्स होतात. शाळा सुटल्यानंतरच्या तासांचा कायद्यात नावानिशी उल्लेख व्हावा, हेच विशेष म्हटले पाहिजे.

परंतु निधी उपलब्ध असणे आणि तो गरजूच्या हाती पडणे, या दोहोंत मोठे अंतर असते. असा पैसा एका नळातून येत नाही. तरुणांच्या रोजगाराचा निधी स्थानिक रोजगार मंडळाकडे जातो, बालसंगोपनाचा राज्य सरकारच्या खात्याकडे, अभ्यासाचा शिक्षण खात्यामार्फत शाळा-मंडळाकडे. आणि २०२१ मध्ये राज्ये व नगरपालिका यांना सावरण्यासाठी दिलेल्या ३५० अब्ज डॉलर्सच्या किल्ल्या राज्यपालांकडे व महापौरांकडे होत्या. चर्चच्या तळघरात चाळीस मुलांना गोळा करून त्यांचा गृहपाठ घेणाऱ्या एखाद्या लहानशा संस्थेने यांतील कोणते दार ठोठवावे? ठोठावल्यावर पन्नास पानी अर्ज कोणी भरावा? आधी खर्च करा, पावत्या जोडा आणि मग परतफेड घ्या, असा अनेक अनुदानांचा रिवाज असतो. तो आधीचा खर्च तिने कोठून करावा? ज्या संस्थांच्या पदरी हिशेबनीस व अर्ज लिहिणारी अनुभवी माणसे आहेत, त्यांना संधी दिसते. ज्यांच्या पदरी केवळ मुले आहेत, त्यांना ती दिसेपर्यंत मुदत टळून जाते. पैसा घाईने वाटावयाचा असतो तेव्हा ही विषमता अधिकच तीव्र होते. लहान संस्थांना आगाऊ रक्कम देणे, अर्ज सुटसुटीत करणे आणि त्यांना हात देणारी मध्यस्थ संस्था प्रत्येक शहरात उभी करणे, एवढे तरी कोणत्याही सरकारने निधी जाहीर करण्यापूर्वी केले पाहिजे.

याहून खोलवरची अडचण पैशाच्या स्वभावातच आहे. एकदाच येणारा पैसा एकदाच करावयाच्या कामांना शोभतो. छप्पर दुरुस्त करावे, वाचनालय उभारावे, पुस्तके घ्यावीत, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे. पैसा संपला तरी वस्तू आणि विद्या मागे राहतात. शाळोत्तर उपक्रमाचा मुख्य खर्च मात्र माणसांचा असतो. मूल विश्वास टाकते ते रोज दारात उभ्या असणाऱ्या ताईवर किंवा दादावर, इमारतीवर नव्हे. त्या माणसाला तीन वर्षांच्या मुदतीवर नेमावयाचे आणि मुदत संपताच निरोप द्यावयाचा, म्हणजे मुलाला आधी आधार द्यावयाचा आणि मग तो काढून घ्यावयाचा. ज्या मुलाच्या आयुष्यात माणसे येतात आणि जातात, हेच दुःख मुळात आहे, त्याला सरकारनेही तोच अनुभव द्यावा, यासारखा क्रूर विनोद नाही.

या खर्चाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला असा की, या उपक्रमांनी मुलांचे गुण वाढतातच असे नाही. हा आक्षेप निराधार नाही. 'एकविसाव्या शतकातील सामुदायिक शिक्षण केंद्रे' या केंद्रीय योजनेच्या राष्ट्रीय पाहणीचा पहिला अहवाल २००३ मध्ये आला आणि त्यात अभ्यासावरील परिणाम तुटपुंजा आढळला. त्याचा आधार घेऊन अध्यक्ष बुश यांच्या सरकारने या योजनेची तरतूद १ अब्ज डॉलर्सवरून ६० कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकन काँग्रेसने तो मानला नाही. परंतु सगळे काही गुणपत्रिकेवर मोजता येते काय? शिकागो शहरात २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त वस्त्यांतील सुमारे सोळाशे मुलामुलींचा एक प्रयोग झाला. सोडत काढून त्यांतील काहींना आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम देण्यात आले. ज्यांना काम मिळाले, त्यांच्यातील हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांचे प्रमाण पुढील सोळा महिन्यांत ४३ टक्क्यांनी कमी झाले, असे संशोधिका सारा हेलर यांनी २०१४ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. आठ आठवड्यांच्या कामाने एखादा तरुण तुरुंगापासून वाचत असेल, तर त्याचे गणिताचे गुण वाढले नाहीत म्हणून हळहळत बसण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, मुले सांभाळणे हे आईबापांचे कर्तव्य. ते सरकारने का उचलावे? कर्तव्य आईबापांचेच आहे, यात शंका नाही. परंतु ज्या अर्थव्यवस्थेला त्या दोघांचेही श्रम हवे आहेत, तिने त्यांच्या मुलांच्या तीन तासांकडे पाठ फिरवावी, हा न्याय नव्हे. सधन कुटुंब ते तीन तास संगीताच्या, पोहण्याच्या व शिकवणीच्या वर्गांनी विकत घेते. गरीब कुटुंबाचे मूल ते रस्त्यावर किंवा दूरचित्रवाणीपुढे काढते. शाळा दोघांना एकाच बाकावर बसवीत असेल. शाळेनंतरचे तास त्यांना पुन्हा वेगळे करतात.

मग उपाय कोणता? कॅलिफोर्नियाने तो दाखविला आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तेथील मतदारांनी एक प्रस्ताव संमत केला आणि शाळोत्तर उपक्रमांसाठी दरवर्षी ५५ कोटी डॉलर्सपर्यंत हमीची तरतूद करून घेतली. त्या प्रस्तावाचा पुरस्कार केला होता अर्नोल्ड श्वार्झनेगर या चित्रपटनटाने, जो पुढे त्या राज्याचा राज्यपाल झाला. २०२१ मध्ये याच राज्याने आणखी एक योजना सुरू केली आणि तिची तरतूद पुढे वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर्सपर्यंत नेली. १९४६ साली ज्या राज्याने केंद्रे बंद पडू दिली नाहीत, त्यानेच पुढच्या शतकात हे करावे, हा केवळ योगायोग नसावा. हमीची सवय एकदा लागली की ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

उलट, केंद्राच्या मर्जीवर विसंबणे किती धोक्याचे असते, ते जुलै २०२५ मध्ये दिसले. अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलेले शिक्षणाचे सहा अब्जांहून अधिक डॉलर्स तेथील सरकारने फेरतपासणीच्या नावाखाली अडवून धरले. वर उल्लेखिलेल्या सामुदायिक शिक्षण केंद्रांचे १.३ अब्ज डॉलर्सही त्यांत होते. दोन्ही पक्षांकडून ओरड झाल्यावर त्याच महिन्यात ते सोडण्यात आले. परंतु त्या काही आठवड्यांत, सप्टेंबरमध्ये दार उघडेल की नाही, हे हजारो केंद्रांना आपल्या पालकांना सांगता येत नव्हते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, त्याच्याशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. महाराष्ट्र सरकारने जून २०२४ मधील अर्थसंकल्पात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली. सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि शिक्षणानुसार दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपयांचे विद्यावेतन, असे तिचे स्वरूप होते. २०२५ साली ही मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. आणि मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. देश निराळा, रक्कम निराळी, प्रश्न तोच. तरुणाला सहा महिने उंबरठ्यावर उभे करावयाचे आणि आत जाण्याचे दार मात्र बांधावयाचे नाही, हे धोरण मंत्र्यांच्या भाषणात शोभते. त्या तरुणाच्या घरात शोभत नाही.

संकटकाळी सरकारने पैसा सोडू नये, असे आमचे म्हणणे नाही. पुराचे पाणी वाहून जाऊ द्यावे असे कोणताही शहाणा शेतकरी म्हणणार नाही. ते अडवावे, जिरवावे आणि विहिरीचा झरा त्याने जिवंत करावा, असेच तो म्हणेल. म्हणून अशा प्रत्येक योजनेच्या जन्माच्या वेळीच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: मुदत संपल्यावर खर्च कोण उचलणार, कोणता भाग नियमित अर्थसंकल्पात जाणार, आणि लहान संस्थेला तो पैसा कोणत्या वाटेने मिळणार. १९३५ साली टेक्सासमध्ये ज्या तरुणाने मुदतीची योजना राबविली, तोच १९६५ मध्ये अध्यक्ष म्हणून प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर सही करीत होता. आजची ती सामुदायिक शिक्षण केंद्रे १९९४ मध्ये त्याच कायद्याच्या छत्राखाली जन्मली. योजना मेली तरी तिच्यातून काही शिकलेला माणूस उरला आणि त्याने कायदा मागे ठेवला. परंतु असा माणूस तीस वर्षांनी सत्तेवर येईल या आशेवर आजच्या मुलाला थांबविता येणार नाही. त्याची शाळा आजही तीनलाच सुटणार आहे.