ज्येष्ठेचा जोडीदार

आमच्या वस्तीतली एक मुलगी. बी. ए. झालेली, शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. तिला स्थळ आले, पसंती झाली, हुंडा नको असेही ठरले. आठ दिवसांनी निरोप आला, ‘मुलीचे नक्षत्र ज्येष्ठा आहे. आमच्या थोरल्याला धोका.’ ज्येष्ठा नक्षत्रावरची सून मोठ्या दिराच्या मुळावर येते म्हणे! आणि दोन्ही घरांत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मुलीची आई मला म्हणाली, ‘भाऊ, माझ्या लेकीने त्या ताऱ्याचं काय घोडं मारलंय?’

वाचकहो, आज त्या ताऱ्याचीच ओळख करून घेऊ.

जून-जुलैत आभाळ मोकळे असेल तेव्हा रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. विंचवाच्या आकड्यासारखी वृश्चिक रास दिसेल. तिच्यातला ठळक तांबूस तारा म्हणजे ज्येष्ठा. हा महाराक्षसी तारा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील. अंतर सुमारे ५५० प्रकाशवर्षे. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश शिवरायांच्या जन्माआधी सुमारे दीडशे वर्षे तिथून निघाला आहे.

हा तारा एकटाही नाही. त्याला निळसर-पांढरा जोडीदार आहे. तोही लहानसहान नव्हे, सूर्याच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा. दोघे एकमेकांभोवती फिरतात. एका फेरीला हजाराहून अधिक वर्षे लागतात. पण थोरल्याच्या झगमगाटात हा जोडीदार शतकानुशतके कोणाला दिसलाच नाही. १८१९ च्या एप्रिलमध्ये चंद्राने ज्येष्ठेला झाकले. व्हिएन्नाचे योहान बर्ग दुर्बिणीतून पाहत होते. चंद्राआडून आधी एक मंद तारा बाहेर आला आणि काही सेकंदांनी तेजस्वी ज्येष्ठा. पुढे १८४४ च्या जुलैत जेम्स विल्यम ग्रँट या स्कॉटिश गृहस्थाने हा जोडीदार दुर्बिणीत पाहिला, तोही आपल्याच भारतातून. ग्रँट ईस्ट इंडिया कंपनीचे नोकरदार, आकाश पाहण्याचा छंद असलेले.

आता पाहा, ज्या ज्येष्ठेवरून लग्ने मोडली, तिच्या शेजारी दुसरा तारा आहे हे पत्रिका मांडणाऱ्यांना कधी कळले नाही. ते सापडले दुर्बिणीला डोळा लावणाऱ्यांना.

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून एक साधा हिशेब. ज्येष्ठा नक्षत्रावर जन्म म्हणजे जन्मवेळी चंद्र आकाशाच्या त्या भागात असणे. चंद्र दर महिन्याला तिथून जातो, साधारण दिवसभर असतो. नक्षत्रे सत्तावीस. म्हणजे जगातल्या दर सत्तावीस मुलींमागे साधारण एक ज्येष्ठेची. एवढ्या साऱ्या जणींचे मोठे दीर दगावले असते तर ते जनगणनेत दिसले नसते काय?

जातककथांत ‘नक्खत्त जातक’ आहे. नक्षत्र अशुभ म्हणून वराकडचे ठरल्या दिवशी गेले नाहीत. वधूकडच्यांनी मुलगी दुसऱ्या घरी दिली. नक्षत्र पाहणारे हात हलवीत परतले. एवढी जुनी गोष्ट आपल्या घरात असताना आपण पुन्हा पंचांग उघडावे?

स्थळ पाहताना मुलाचे व्यसन विचारा, मुलीचे शिक्षण विचारा. पत्रिका मागू नका. कोणी मागितली तर देऊ नका. आणि त्या मुलीला म्हणावे, ताई, एकदा गच्चीवर जाऊन तो तारा डोळे भरून बघ. त्याचे तुझ्याशी काही वैर नाही.